आधी दारं, मग डिकी: गाडीतल्या साउंड सिस्टिमबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी स्पीकर आणि सबवूफर (फक्त खोल बेस वाजवणारा मोठा स्पीकर) यांबद्दल कोकणातून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. मॉडेलचं नाव सांगा असं बऱ्याच जणांनी लिहिलं आहे. आम्ही नावाऐवजी माप आणि आकडा दिला आहे, कारण मॉडेल दर वर्षी बदलतं आणि दाराचं भोक तेवढंच राहतं.

प्रश्न : माझी २०१९ ची हॅचबॅक आहे, कंपनीचा टचस्क्रीन आहे आणि चार पातळ स्पीकर. बजेट २०,०००. दुकानदार म्हणतो मागच्या ट्रेवर ६ बाय ९ चे अंडाकृती स्पीकर टाका आणि डिकीत १२ इंची बेस ट्यूब, "गाडी हलेल". भजनं आणि जुनी गाणी ऐकतो. काय करू? (वाचक, रत्नागिरी)

गाडी हलेल यात शंका नाही. भजन मात्र ऐकू येणार नाही. तयार बेस ट्यूबपैकी बहुतेकींची नळी अशा बेताने कापलेली असते की पन्नास-साठ हर्ट्झच्या आसपासचा एकच सूर सगळ्यांत जोरात उठतो. मग पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक कमी असो की जास्त, बुवांचा हात हलका असो की भारी, प्रत्येक थाप सारखीच "धुम्म" येते. आणि ६ बाय ९ ट्रेवर बसवले की गळा पाठीमागून येतो. हॅचबॅकचा ट्रे पुठ्ठ्यासारखा असतो, तो खडखडतो ते वेगळंच.

पैसे आधी पुढच्या दोन दारांत घाला. ऐकणारे बहुतेक वेळा पुढेच बसलेले असतात, आणि गाण्यातला गळा, पेटी, तंतुवाद्य सगळं तिथूनच यायला हवं. दारात ६.५ इंचाचा कॉम्पोनंट सेट बसवा, म्हणजे वूफर (जाड सुरांचा स्पीकर) दारात, ट्वीटर (बारीक सुरांचा) वेगळा आणि मध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे कुठले सूर कुणाकडे जायचे ते वाटणारा भाग. कोअॅक्झियलमध्ये ट्वीटर वूफरच्याच पोटात असतो, त्यामुळे टाळांचा आवाज गुडघ्यापाशी राहतो. कॉम्पोनंटचा ट्वीटर आरशाच्या आतल्या तिकोनी पट्टीवर किंवा डॅशबोर्डच्या कोपऱ्यात बसतो आणि आवाज काचेच्या उंचीवर येतो. ट्वीटर खांबावर बसवायचा तर आधी तिथे एअरबॅगची खूण आहे का पाहा. असेल तर तिथे स्क्रूसुद्धा मारायचा नाही.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याकडे लक्ष देऊ नका. "३५० वॅट" हा क्षणभर सोसायचा आकडा असतो. तुम्हाला हवा तो आरएमएस, म्हणजे सतत पेलणारा. कंपनीच्या किंवा बाहेरच्या कुठल्याही साध्या स्टीरिओवर "५० बाय ४" लिहिलेलं असलं तरी १४ व्होल्टवर ४ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्पीकरला त्याच्याकडून खरे १८ ते २० वॅटच मिळतात. त्याहून जास्त निघणार कुठून?

दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा. एक वॅट दिल्यावर एका मीटरवर किती डेसिबल, तो. ३ डेसिबलचा फरक म्हणजे ॲम्पच्या (ॲम्प्लिफायर, स्पीकरला ताकद देणारं यंत्र) ताकदीत दुपटीचा फरक. ८८ वाल्या स्पीकरला ४० वॅट लागतात तिथे ९१ वाल्याचं २० मध्ये भागतं. ॲम्प लगेच घेणार नसाल तर ९० च्या वरचाच स्पीकर घ्या. ॲम्प घेणार असाल तर हा आकडा थोडा खाली असला तरी चालेल.

तुमच्या वीस हजारांची ढोबळ वाटणी : पुढचा सेट आणि दारांचं काम ९,०००, चार चॅनेलचा ॲम्प ७,०००, वायर, फ्यूज, कपलर (वायर न कापता जोडायचा प्लग) ४,०००. ॲम्प ४ ओहमवर चॅनेलमागे ५० वॅट आरएमएसचा आणि ब्रिज होणारा, म्हणजे दोन चॅनेल एकत्र जोडता येणारा घ्या. दोन चॅनेल पुढच्या दारांना, दोन रिकामे ठेवा. पुढच्या वर्षी पैसे जमले की याच दोन चॅनेलना ब्रिज करून ४ ओहमचा १० इंची सबवूफर लावता येईल, त्याला दीडशे वॅटच्या आसपास मिळतील. दुसरा ॲम्प घ्यायला नको. मागच्या दारांचे स्पीकर आहेत तसे स्टीरिओवरच राहू द्या.

कंपनीच्या टचस्क्रीनला मागे आरसीएच्या, म्हणजे ॲम्पला सिग्नल द्यायच्या खुंट्या सहसा नसतात. तेव्हा स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल घेणारा, म्हणजे हाय लेव्हल इनपुट असलेला ॲम्प मागा. मूळ वायर कापू द्यायची नाही. तुमच्या गाडीचा कपलर बाजारात मिळतो, तो मध्ये घालायचा. वॉरंटीचा वाद सहसा होत नाही आणि गाडी विकताना सगळं काढून घेता येतं.

स्पीकर विकत घेण्याआधी दार उघडून खोली मोजा. काच पूर्ण खाली करून पत्र्यापासून काचेपर्यंत किती जागा आहे ते बघायचं. ६.५ इंचाच्या बहुतेक स्पीकरना ५५ ते ६५ मिलिमीटर लागतात. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. स्पीकरच्या मागे, चुंबकावर कणकेची सुपारीएवढी गोळी चिकटवा, स्पीकर भोकात धरा, काच हळूहळू खाली आणा आणि परत वर न्या. गोळी चपटून ५ मिलिमीटरहून पातळ झाली असेल तर स्पीकरखाली रिंग घाला किंवा उथळ स्पीकर बघा. चालत्या गाडीत काच थरथरते, ती तेवढी जागा खाते.

प्रश्न : दर पावसाळ्यानंतर डाव्या दाराचा स्पीकर खरखरतो. तीन वर्षांत दोन बदलले. वॉटरप्रूफ स्पीकर मिळतात का? (वाचक, दापोली)

मिळतात, पण दार दुरुस्त न करता ते बसवले तर तेही फार टिकणार नाहीत.

दाराच्या पोटात पाणी येतंच, तो दोष नाही. पाऊस काचेवरून ओघळतो, बाहेरच्या रबरपट्टीच्या फटीतून आत उतरतो आणि दाराच्या तळाच्या दोन-तीन भोकांतून बाहेर जातो. आतल्या पत्र्यावर एक पातळ प्लास्टिकचा कागद काळ्या चिकट डिंकाने चिकटवलेला असतो, तो हे पाणी पॅनेलकडे येऊ देत नाही. स्पीकर बदलताना घाईत हा कागद फाडतात, आणि परत लावताना सेलोटेपचे चार तुकडे मारतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते सुटतात.

पॅनेल काढल्यावर आधी तळाची भोकं बघा. लाल माती आणि कुजका पाला यांचा चिखल तिथे घट्ट बसलेला असतो. केबल टाय खालून घालून फिरवा. मग काच वर करून तिच्यावर लिटरभर पाणी ओता आणि खाली बसून बघा. मिनिटभरात दाराखालून धार लागली पाहिजे. धार नाही आणि दार हलवल्यावर आत डुबुक असं ऐकू येतंय, म्हणजे अजून एक भोक बंद आहे.

नंतर कागद. फाटला असेल तर जाड प्लास्टिकचा नवा कापा, जुन्याच्या मापाचा, आणि ब्युटाइलच्या डिंकपट्टीने सगळीकडून बसवा. खालची कड दाराच्या पत्र्याच्या आत वळलेली राहिली पाहिजे. ती पॅनेलच्या बाजूला आली तर पाणी थेट पायपुसण्यावर उतरतं.

स्पीकरखालची रिंग एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची असेल तर फेकून द्या. आमच्याकडे आलेल्या फोटोत ती भिजलेल्या बिस्किटासारखी फुगलेली दिसते. ती फुगली की स्क्रू सैल होतात, आणि तुम्हाला ऐकू येतेय ती खरखर कदाचित स्पीकरची नसून त्या रिंगचीच असेल. प्लास्टिकची, एबीएसची रिंग मिळते, तीच घाला. पत्रा आणि रिंग यांच्यामध्ये फोमची पट्टी, म्हणजे फट राहत नाही. स्पीकरच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांत मिसळला की बेस गायब होतो, त्यामुळे ही पट्टी पाण्याइतकीच आवाजासाठी आहे.

स्पीकरच्या मागे लावायचे फोमचे वाटीसारखे कप मिळतात. पूर्ण कप लावू नका, त्यात स्पीकर गुदमरतो आणि पाणी साचतं. खालचा अर्धा कापून टाका, वरचा अर्धा पागोळीच्या पन्हळासारखा राहू द्या. वायर टर्मिनलकडे वरून खाली सरळ आणू नका. ती आधी टर्मिनलच्या खाली उतरवून मग वर वळवा. थेंब वळणावर येतो आणि तिथूनच गळतो.

आता स्पीकर कसला घ्यायचा ते. पॉलिप्रॉपिलीनचा कोन, रबराची कड, अॅल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची चौकट. कागदी कोनाचे स्पीकर गोड वाजतात हे खरं आहे, पण समुद्राजवळ, चार महिने पावसात उभ्या असलेल्या गाडीत नको. फोमची कड तर अजिबात नको, दमट हवेत ती बोट लावल्यावर भुगा होते. पत्र्याची दाबलेली चौकट खाऱ्या वाऱ्यात गंजते, गंजाचा पापुद्रा कॉइलच्या (चुंबकातलं तारेचं वेटोळं) फटीत पडतो आणि मग खरखर कायमची. टर्मिनलवर हिरवट पूड दिसली तर ते टोक कापा, ताजी वायर काढा, सोल्डर करा आणि वर श्रिंक स्लीव्ह चढवा. नुसती पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळलेली जोडणी आपल्या हवेत एक पावसाळाही काढत नाही.

दार उघडलंच आहे तर बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइलचे डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर मारणारं शीट लावून घ्या. सगळा पत्रा मढवायची गरज नाही, मधला पाव ते एक तृतीयांश भाग पुरतो. तळापासून चार बोटं जागा सोडा. भोकावर शीट गेलं तर केलेलं सगळं काम पाण्यात. डांबरी शीट स्वस्त पडतं, पण मे महिन्यात मऊ होऊन सरकतं आणि गाडीला रस्त्याच्या कामाचा वास येतो.

प्रश्न : सबवूफरचा बॉक्स गावातल्या सुताराकडून करून घ्यायचा आहे. घरचं फणसाचं लाकूड कापून ठेवलेलं आहे, तेच वापरलं तर चालेल ना? १० इंची वूफर आहे. बंद बॉक्स की नळीचा? (वाचक, कुडाळ)

फणसाच्या लाकडाचा देव्हारा करा. अखंड लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं, मार्चमध्ये आक्रसतं. देव्हाऱ्याला त्याने काही होत नाही, पण बॉक्सच्या सांध्याला केसाएवढी फट पडली तरी वूफरच्या प्रत्येक ठोक्याला तिथून "फुस्स" येतं. एमडीएफ कोरड्या हवेत चालतं, आपल्याकडे कडेने पाणी पिऊन फुगतं. १८ मिलिमीटरचं मरीन प्लाय घ्या, ज्याच्यावर आयएस ७१० छापलेलं असतं. साध्या कमर्शियल प्लायवर आयएस ३०३ असतं. दोन्ही दिसायला सारखीच, म्हणून शिक्का वाचूनच घ्या.

बंद की नळीचा? तुम्ही काय ऐकता ते लिहिलेलं नाही. पण सुताराकडून पहिलाच बॉक्स होतोय, तर बंद. नळीचा बॉक्स त्याच वॅटमध्ये जास्त जोरात वाजतो, पण नळीची लांबी-रुंदी वूफरच्या आकड्यांवरून काढावी लागते, आणि नळी ज्या सुरावर जुळवली आहे त्याच्या खाली वूफरला हवेचा आधार उरत नाही. ॲम्पमध्ये सबसॉनिक फिल्टर (फार खोल सूर अडवणारा) नसेल तर कॉइल खाली आपटते. बंद बॉक्सात दोन-चार सेंटीमीटर इकडेतिकडे झाले तरी खपून जातं. शिवाय नळीतून पाली आणि मुंग्या आत जातात. खळ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीत हे हसण्यावारी नेऊ नका.

१० इंची वूफरना बंद बॉक्स साधारण १७ ते २५ लिटरचा लागतो. वूफरसोबतच्या कागदावर आकडा असेल तर तोच पाळा. घनफुटात असेल तर २८.३ ने गुणून लिटर काढा. २१ लिटरचा हिशोब देतो, सुताराला हाच कागद दाखवा :

पुढची आणि मागची फळी, ४३.६ बाय ३५.६ सेंटीमीटर, दोन.
वरची आणि खालची, ४३.६ बाय १८, दोन.
बाजूच्या, ३२ बाय १८, दोन.

आतून ४० बाय ३२ बाय १८ राहतात, म्हणजे २३ लिटर. त्यातले दीड ते दोन लिटर वूफरचं स्वतःचं धूड खातं. वूफरची खोली आधी मोजा. चुंबकाच्या मागे हवेसाठी भोक असेल तर त्याच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये निदान अडीच सेंटीमीटर मोकळे हवेत. १५ सेंटीमीटर खोलीपर्यंतचा वूफर या बॉक्सात आरामात बसतो.

सांध्याला फेव्हिकॉल भरपूर, स्क्रू दर १० सेंटीमीटरवर, आधी बारीक भोक पाडून. प्लायच्या कडेत थेट स्क्रू मारला तर थर फाटतात. आतल्या सगळ्या सांध्यांना सिलिकॉन. आंबट वासाचं सिलिकॉन असेल तर पूर्ण एक दिवस बॉक्स उघडा ठेवा, त्याच्या वाफा वूफरच्या आत कोंडू नका. बाहेरून, खालूनसुद्धा, कार्पेट चढवण्याआधी दोन हात वॉर्निश. वूफरचं भोक सगळ्यात शेवटी, वूफर हातात आल्यावर. कंपनीगणिक माप बदलतं.

वूफर बसवल्यावर दोन्ही हातांच्या बोटांनी कोन हलकेच, सरळ आत दाबा आणि सोडा. तो सावकाश, जड झाल्यासारखा वर आला तर बॉक्स घट्ट आहे. लगेच टुणकन वर आला तर हवा कुठूनतरी जाते. मग ओला गाल प्रत्येक सांध्याजवळ नेत कुणाला तरी गाणं वाजवायला सांगा, वारा कुठे लागतो ते कळेल.

बॉक्स डिकीत नुसता ठेवायचा नाही. दहा-बारा किलोचं ते धूड आहे. कशेडीच्या नाहीतर आंबोलीच्या वळणावर ते सरकेल, आणि जोराचा ब्रेक लागला तर मागच्या सीटच्या पाठीवर येईल. एल पट्ट्या आणि बोल्टने बांधा. बोल्ट मारण्याआधी खाली वाकून पेट्रोलची टाकी आणि ब्रेकची नळी कुठे आहे ते बघा. गणपतीत डिकी सामानाला लागते, म्हणून जोडणीला स्पीकॉन कपलर ठेवा, बॉक्स दोन मिनिटांत बाहेर काढता येतो.

प्रश्न : आमच्या भागात पाणी भरतं. २०२१ च्या जुलैतल्या पुरात आधीची गाडी गेली. नव्या गाडीत सीटखालचा अॅक्टिव्ह सबवूफर घेऊ का? (वाचक, चिपळूण)

नको. तो गाडीतला सगळ्यात खाली बसणारा भाग आहे आणि त्याच्या पोटात ॲम्पही असतो. पूर सोडा, ओल्या चपलांनी कार्पेट भिजलं तरी तो महिनाभर दमट राहतो. तुमच्यासाठी डिकीतला बंद बॉक्स आणि मागच्या सीटच्या पाठीला उंच बसवलेला ॲम्प. पाण्याचा इशारा आला की बॉक्स काढून माळ्यावर.

ज्यांच्याकडे पाणी भरत नाही त्यांनी सीटखालचा घ्यायला हरकत नाही, जागा वाचते. फक्त सीटखाली पिवळ्या वेष्टणाच्या वायरी आणि कपलर असतात ते एअरबॅगचे. ते ओढायचे नाहीत, सोडवायचे नाहीत, त्यांच्यावर बॉक्स टेकवायचा नाही.

प्रश्न : वूफरवर "ड्युअल ४ ओहम" लिहिलंय, मोनो ॲम्पवर "२ ओहमला २५० वॅट". कसं जोडू? आणि गेन किती ठेवू? मिस्त्रीने कानाने ऐकून ठेवला, आता ॲम्प तापून बंद पडतो. (वाचक, सावंतवाडी)

वूफरला दोन कॉइल आहेत, प्रत्येकी ४ ओहमच्या. दोन्ही प्लस एकत्र, दोन्ही मायनस एकत्र जोडले की २ ओहम होतात, तुमच्या ॲम्पला हवे तेवढेच. एकीचा मायनस दुसरीच्या प्लसला जोडून माळ केली तर ८ ओहम, तिथे ॲम्प बराच कमी वॅट देईल. ड्युअल २ ओहमचा वूफर असता तर समांतर जोडल्यावर १ ओहम झाला असता आणि हा ॲम्प बंद पडला किंवा जळाला असता. वायर जोडल्यावर, ॲम्पला लावण्याआधी, मल्टिमीटरवर ओहम मोजा. १.६ ते २ च्या मध्ये आकडा यायला हवा. ०.८ किंवा १ दिसला तर थांबा.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. स्टीरिओतून येणारा सिग्नल आणि ॲम्प यांचं माप जुळवायची ती चावी आहे. कानाने लावली की हमखास जास्त होते, लाटेचे शेंडे कापले जातात, आणि त्या कापलेल्या लाटेने कॉइल आणि ॲम्प दोन्ही तापतात.

वूफरची वायर ॲम्पवरून काढा. बेस बूस्ट शून्य, स्टीरिओचा इक्वलायझर सपाट. फोनवरून ५० हर्ट्झचा, शून्य डेसिबलचा टेस्ट टोन लावा, फोनचा आवाज पूर्ण. स्टीरिओचा आवाज तीन चतुर्थांश, म्हणजे ४० पैकी ३०. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर धरा आणि गेन शून्यापासून हळूहळू वाढवा. कुठे थांबायचं? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. २५० गुणिले २ म्हणजे ५००, वर्गमूळ २२.४. तेवढे व्होल्ट दिसले की पेचकस बाजूला. दारांच्या स्पीकरसाठी ५० वॅट आणि ४ ओहम असेल तर १४.१ व्होल्ट. तिथे टोन ३०० हर्ट्झचा घ्या, कारण साधे मल्टिमीटर ४०० हर्ट्झच्या वर खोटं सांगायला लागतात.

क्रॉसओव्हर दोन्हीकडे ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा : वूफरचा लो पास ८० (त्याखालचेच सूर जातात), दारांचा हाय पास ८० (त्यावरचेच). दारांवरचा जड बेस उतरला की तेच स्पीकर जास्त मोकळे वाजतात. मग वूफरचे प्लस-मायनस उलट करून बघा. ज्या जोडणीत बेस भरून येतो आणि डिकीतून न येता पुढून आल्यासारखा वाटतो, ती बरोबर.

एवढं करूनही ॲम्प बंद पडला तर वायर बघा. २५० वॅटचा डी क्लास ॲम्प जोरात असताना वीस-बावीस ॲम्पिअर ओढतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर ८ गेजची शुद्ध तांब्याची वायर असेल तर रस्त्यात पाव व्होल्टसुद्धा जात नाही. पण बाजारातल्या बऱ्याच "ॲम्प किट"मध्ये तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर असते, सीसीए म्हणतात ती. तिच्यात दीडपटीहून जास्त घट होते, आणि खारं दमट वातावरण लागलं की थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाला बसवलेली धातूची कडी) पांढरी भुकटी जमते. चाकूने एक तार खरवडा, आत चांदीसारखी दिसली तर सीसीए. सीसीए घ्यायचीच असेल तर एक पायरी जाड, ४ गेज.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत, तुमच्यासाठी ३० ॲम्पिअरचा. हा फ्यूज ॲम्पसाठी नसून वायरसाठी आहे : पत्र्याला घासून वायर उघडी पडली तर आग लागू नये म्हणून. अर्थिंगची वायर प्लसइतकीच जाड, अर्ध्या मीटरपेक्षा लांब नाही. पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, थिंबल बोल्टने आवळा, आणि वरून ग्रीस किंवा रंगाचा हात मारा. घासून उघडाच सोडलेला पत्रा एका पावसाळ्यात तांबूस होतो. मग तोच बोल्ट, तीच वायर, पण ॲम्प बंद.

प्रश्न : इंजिन चालू केलं की स्पीकरमधून "कुईं" येतं, ॲक्सिलरेटर दाबला की चढतं. (वाचक, अलिबाग)

अर्थिंग. वर लिहिलंय तसं घासून परत लावा. तरी राहिलं तर आरसीएच्या वायरी काढून बघा. आवाज थांबला तर तो सिग्नलच्या वायरीतून येतोय, आणि बहुधा ती वायर पॉवरच्या वायरीला खेटून नेलेली असते. एक डाव्या उंबऱ्याखालून, दुसरी उजव्या.

प्रश्न : मी मुंबईला असतो, गाडी गावी ठेवलेली. सिस्टिम बसवल्यापासून चार दिवसांत बॅटरी बसते. दुकानदार म्हणतो बॅटरी बदला. (वाचक, देवगड)

बॅटरी बदललीत तर नवी बॅटरी चार दिवसांत बसेल. ॲम्पला रिमोट नावाची एक बारीक वायर असते, स्टीरिओ चालू झाला की ती ॲम्पला उठवते. कंपनीच्या टचस्क्रीनला ती सापडली नाही की काही जण ती सरळ कायम चालू असलेल्या प्लसला जोडतात. मग ॲम्प कधीच झोपत नाही. नुसता जागा असलेला ॲम्प अर्धा ॲम्पिअर घेतो असं धरा : दिवसाला १२ ॲम्पिअर-तास. ३५ ॲम्पिअर-तासाची बॅटरी तिसऱ्या दिवशी संपते.

खात्री करायला बॅटरीचा मायनस सोडवा, मल्टिमीटर १० ॲम्पिअरच्या खुंटीत लावून मायनस आणि केबलच्या मध्ये घाला. दारं बंद, गाडी लॉक, अर्धा तास थांबा. या अवस्थेत चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल. ५० मिलिॲम्पिअरच्या आत आकडा असेल तर ठीक. जास्त असेल तर ॲम्पचा फ्यूज काढा. आकडा धप्पकन पडला तर चोर सापडला. रिमोट वायर चावीबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजवरून घ्या. आणि महिनाभर गाडी उभीच राहणार असेल तर जाताना मायनस काढूनच जा. बॉनेटखाली उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा मुख्य वायर फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) जाड नळीतून नेलेली आहे ना, तेही बघून घ्या.

प्रश्न : मच्छीमार नौकेच्या केबिनमध्ये गाडीचा स्टीरिओ आणि दोन स्पीकर लावायचे आहेत. बॅटऱ्या दोन आहेत, एकीवरून १२ व्होल्ट घेतले तर? (वाचक, हर्णे)

घेऊ नका. तुमच्या दोन बॅटऱ्या बहुधा माळेत आहेत, म्हणजे नौकेचं वायरिंग २४ व्होल्टचं आहे. एकीवरूनच भार घेतला तर ती कायम अर्धपोटी राहते, आणि चार्जिंगला दोघींची बेरीजच दिसत असल्यामुळे दुसरीला जास्त चार्ज बसून तिचं पाणी उकळतं. काही महिन्यांत दोन्ही जातात, त्याही नेमक्या स्टार्टरची गरज असताना. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर घ्या, साध्या स्टीरिओला १० ॲम्पिअरचा पुरतो, आणि त्याच्या आधी फ्यूज.

स्पीकर मरीनचेच, निदान आयपी ६५ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) लिहिलेले. वायर कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची. सबवूफरचा विचार सोडा, इंजिनाच्या घरघरीत तो ऐकूच येणार नाही.

खरी काळजी दुसरीच. स्पीकरच्या मागे जबर चुंबक असतो. तो होकायंत्राजवळ बसवला तर सुई फिरते, आणि तांडेलाला ते दिवसाउजेडी, किनारा दिसत असताना कळणारही नाही. स्क्रू मारण्याआधी एकाने होकायंत्राकडे बघत बसावं आणि दुसऱ्याने स्पीकर लांबून हळूहळू ठरलेल्या जागेकडे आणावा. सुई जिथे जराशी हलते तिथून दुप्पट अंतर सोडा, आणि मीटरभराच्या आत तर बसवूच नका. कन्व्हर्टर चालू करून व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनेलवर, म्हणजे संकटात मदत मागायच्या चॅनेलवर, खरखर वाढते का तेही ऐका. वाढली तर कन्व्हर्टर अँटेनाच्या केबलपासून लांब न्या, नाहीतर तो बदला. १६ नंबर ऐकू येणार नसेल तर गाणं नको.

प्रश्न : रिक्षात वूफर बसवला तर पोलिस पकडतात का? (वाचक, मालवण)

रिक्षाला दारं नाहीत, त्यामुळे वूफरचा दाब आत थांबतच नाही, सगळा रस्त्यावर जातो. तुम्हाला कमी, शेजारच्याला जास्त. बॅटरीही लहान. ९१ डेसिबलचे दोन ६.५ इंची कोअॅक्झियल, लाकडी खोक्यात, मागच्या सीटच्या वरच्या दोन कोपऱ्यांत, स्टीरिओच्या स्वतःच्याच ताकदीवर. एवढ्यात गिऱ्हाईक खूश राहतं. कायद्याचं म्हणाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा निदान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. स्टँडवर उभे असाल तर आवाज बंदच ठेवा, गिऱ्हाईक भाडं विचारतं ते ऐकू यायला हवं.